अहिंसेच्या आडून

पोरगी बी.एससी. होईपर्यंत आपल्या समाजात आता कोणी आडवं येत नाही. पांढुर्णा असो की सौंसर, मायक्रोबायोलॉजी घेऊन ती नागपूरला जाते, होस्टेलात राहते, आणि परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत तिच्या नावापुढे ‘उच्चशिक्षित’ असं छापून येतं. पंचाईत त्यानंतर सुरू होते. जैववैद्यक शास्त्रात संशोधन करून एम.एससी. करायची आहे, असं तिनं म्हटलं की घर गंभीर होतं. पूर्वी सरळ विचारायचे, ‘पोरीले एवढं कायले शिकवता?’ आता तसं विचारायची लाज वाटते, म्हणून धर्म पुढे करतात : ‘तिथे उंदीर मारावे लागतात म्हणे. आपल्याला कसं चालेल?’

उंदराबद्दलची ही कणव खरी असती तर मी हात जोडले असते. पण त्याच घरातला मुलगा औषधांची एजन्सी घेतो, तेव्हा त्या गोळ्या बाजारात येण्याआधी किती जनावरांवर तपासल्या, हे कोणी विचारत नाही. त्याचा तो व्यवसाय, आणि तिची ती हिंसा! संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार भेद आपण पाठशाळेत शिकलो. ‘मुलीने केलेली’ हा पाचवा भेद कोणत्या आचार्यांनी सांगितला, ते मला कोणीतरी दाखवावं.

प्रयोगशाळेत हिंसा नाहीच, असं मी म्हणणार नाही. पेशी वाढवायला लागणारं सीरम पुष्कळदा गायीच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून काढतात. ऐकून अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण प्रयोगशाळांनी जनावरं वाचवलीही आहेत. मधुमेहाचं इन्सुलिन एकेकाळी कत्तलखान्यातल्या गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ मध्ये अमेरिकेत जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली, आणि हळूहळू ते जुनं इन्सुलिन मागे पडलं. आपल्या घराघरांतले मधुमेही आज सुई टोचून घेताना कत्तलखाना आठवत नाहीत, ही कृपा कोणाची? २०२३ मध्ये भारत सरकारनेही नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलले. जनावरांऐवजी मानवी पेशींवर किंवा संगणकावर तपासण्याच्या पद्धतींना त्यात जागा मिळाली. वासराच्या रक्तावाचून पेशी वाढवण्याच्या रीतीही निघाल्या आहेत. हे काम पुढे कोणी न्यायचं? ज्याला त्या वासराचं काहीच वाटत नाही त्याने, की पाणी गाळून पिणाऱ्या घरातल्या मुलीने? आपण दाराबाहेर उभ्या राहिलो, तर अहिंसा आत नेणार कोण?

संशोधनाची एम.एससी. म्हणजे आणखी एक इयत्ता, एवढंच तिचं मोल समजू नका. तिथे प्रश्न स्वतः मांडायचा, महिनोन्‌महिने पडताळायचा, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून करायचा, प्रबंधात लिहायचा आणि परीक्षकांपुढे टिकवायचा. अशी शिकलेली मुलगी पुराव्यावाचून मान डोलवत नाही. मला तर वाटतं, घराला भीती उंदरांची नाही, याचीच आहे.

ही भीती जुनी आहे. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण, १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. बाई आहे म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष पारखून पाहू, अशी अट घालून त्यांना घेतलं. १९३६ मध्ये त्यांनी संशोधन करून एम.एससी. मिळवली, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. बंगलोरला त्यांनी अभ्यास कशाचा केला? दूध आणि डाळींतल्या प्रथिनांचा. आपल्या चौक्यातल्याच वस्तू! बाईपणाचं कारण रामन यांनी निदान तोंडावर सांगितलं होतं.

‘पण आपल्याला त्याचं काय काम?’ असंही म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परासियाकडे जे झालं, ते इतक्यात विसरलात? खोकल्याचं औषध पिऊन वीसहून अधिक लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत गेली. ज्या नागपूरला आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो, तिथेच. तमिळनाडूत तपासणी झाली तेव्हा त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ जीव घेतले होते. विष जुनं, ते ओळखायची रीतही माहीत असलेली. वेळेवर तपासलं मात्र गेलं नाही. तपासणारे डोळे आणि हात कुठे तयार होतात, बायांनो? आणि सिकलसेल? ‘तो आपल्यातला आजार नाही.’ ज्या गोंड गिऱ्हाइकांच्या पैशावर आपलं दुकान चालतं, त्यांचं रक्त तेवढं परकं!

आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान. चार दानांची नावं लहान मुलंसुद्धा घडाघडा म्हणतात. संशोधन शिकणाऱ्या मुलीच्या हातून त्यातली तीन घडतात. कलशाची बोली चढत जाते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. तशा एका मोठ्या बोलीत एका मुलीची दोन वर्षांची फी आणि होस्टेल निघेल. मंदिराच्या ट्रस्टने दरवर्षी एक मुलगी निवडावी, तिची फी भरावी, आणि त्या दोन वर्षांत तिच्या घरी स्थळ घेऊन जाऊ नये. मागणं एवढंच आहे. ट्रस्टवर बाया नसतील तर आधी त्या बसवा.

ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी दिली आणि सुंदरीला अंक. ही गोष्ट आपण प्रत्येक पाठशाळेत सांगतो, भाषणात अभिमानाने मिरवतो. मग आपल्या ब्राह्मीने प्रबंध लिहायला घेतला की आपल्याला तिचं वय का आठवतं?

मुलीला प्रयोगशाळेत पाठवायचं नसेल तर नका पाठवू. पण कारण खरं सांगा. लग्नाची घाई झाली आहे, म्हणा. लोक काय म्हणतील याची धास्ती आहे, म्हणा. त्यात महावीरांचं नाव ओढू नका.