खोटा हार

फ्रेंच कथाकार गी द मोपासाँ यांची हिऱ्यांच्या हाराची कथा १८८४ साली प्रसिद्ध झाली. शिक्षक असताना ती मी वर्गात अनेकदा सांगितली. कथा संपताच मुले एकमुखाने म्हणत, "हौसेची शिक्षा मिळाली!" मला मात्र हे तात्पर्य अपुरे वाटते.

मातिल्द ही पॅरिसमधील एका कारकुनाची पत्नी. मंत्र्यांकडील समारंभाचे निमंत्रण येते. पतीने बंदुकीसाठी साठवलेले ४०० फ्रँक तिच्या पोशाखाला लागतात, आणि श्रीमंत मैत्रिणीकडून ती हार मागून आणते. त्या रात्री सर्वांच्या नजरा तिच्यावर खिळतात. पण घरी येऊन पाहते, तो गळ्यात हार नाही! हार मोडला असून दुरुस्तीला दिला आहे, असे पत्र ती मैत्रिणीला पाठवते. पुढे तसाच हार ३६,००० फ्रँकांना घेऊन परत केला जातो. मैत्रीण डबी उघडूनही पाहत नाही. कर्ज फेडण्यात दहा वर्षे जातात. भांडी घासून, पाणी वाहून मातिल्द इतकी बदलते, की मैत्रीण तिला ओळखतही नाही. अखेर ती सारे सांगते, तेव्हा उलगडते, की मूळ हार खोटा होता. फार तर ५०० फ्रँकांचा!

हौस हा काही मोठा अपराध नव्हे. नवे कपडे कोणाला आवडत नाहीत? माझ्या मते मातिल्दचा घात हाराने नव्हे, त्या पत्राने केला. "हार हरवला" हे दोन शब्द तिला बोलवले नाहीत. तथापि दोष तिच्या एकटीचा नव्हता. मैत्रिणीनेही हार देताना तो खोटा असल्याचे सांगितले नव्हते. जेथे माणसाची किंमत त्याच्या गळ्यातील दागिन्यावरून ठरते, तेथे खरे बोलणे अवघड होते.

शेवटच्या भेटीतील मातिल्द मला अधिक थोर वाटते. तिच्या अंगावर साधे कपडे आहेत, हात खरखरीत आहेत. पण कष्टाने ऋण फेडल्याचा अभिमान तिचा स्वतःचा आहे, उसना नाही.

मुलांनो, मित्राची कंपासपेटी तुमच्या हातून हरवली, तर त्याच दिवशी त्याला खरे सांगा. आणि तुमची वस्तू कोणी हरवली, तर त्याला खरे सांगण्याची भीती वाटू नये, असे वागा. यांतील दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. म्हणून ती आधी शिका.