रोवलेला दात आणि घरातली मिश्री



पूर्वी आपल्याकडे दात पडला की कवळी, नाहीतर बोळके. आता इम्प्लांट हा शब्द वस्तीतल्या आयाबहिणींच्याही तोंडी आला आहे. कुणी फंडातून पैसे काढतो, कुणी हप्ते बांधून घेतो. एवढा पैसा ओतल्यावर पुढे काय जपायचे, हे मात्र थोड्यांनाच कुणी नीट सांगितलेले असते.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टिटॅनियमचा छोटा स्क्रू. दिसणारा दात त्यावर नंतर चढतो. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी ओळखले व १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाड आणि स्क्रू एकजीव व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. खरी परीक्षा याच काळात असते.

पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, सारखे थुंकू नये. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघून येते. गालाला बाहेरून बर्फ लावावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच गुळण्या कराव्यात. काही दिवस मऊ भात, खिचडी, कण्या असे खावे. भाकरी चावण्याची घाई नको. औषधाचा कोर्स बरे वाटले म्हणून अर्ध्यावर सोडू नये. मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची किंवा हाडे ठिसूळ झाल्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

आता मिश्रीविषयी. ‘दात घासायला लागते’ असे म्हणत घराघरांत डबी ठेवलेली असते. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच! तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. बिडी आणि गुटख्याचेही तेच. पाचवे शील घेताना आपल्याला दारू तेवढी आठवते, पुडी खिशातच राहते. ज्यांना तंबाखू सोडवतच नाही, त्यांनी इम्प्लांटवर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगली कवळी करून घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

धातूला कीड लागत नाही, म्हणून काहीजण निर्धास्त होतात. परंतु भोवतालची हिरडी सडते, हाड झिजते आणि बहुधा दुखतही नाही. घासताना रक्त येणे, पू, घाण वास, दात हलणे, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. दोन वेळा मऊ ब्रशने घासावे, फटीसाठी मिळणारा बारीक ब्रश वापरावा, दर सहा महिन्यांनी दाखवावे.

एक कारकुनी सूचना. जाहिरातीतला भाव पुष्कळदा नुसत्या स्क्रूचा असतो. कॅपसह एकूण खर्च आधी लिहून घ्या. स्क्रूची कंपनी व माप असलेले कार्ड मागून घ्या. उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले तर त्याशिवाय जुळणारा भाग मिळणे कठीण जाते.

मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय व मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. कवळी, हिरड्यांचे उपचार तेथे खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतात. इम्प्लांटची चौकशीही आधी तेथेच करावी. सकाळी लवकर जावे, जुने एक्स-रे आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.