गरम पाण्याची सहामाही

सोनपेठात समुद्राची गोष्ट काढली की लोक हसतात. पण वीज केंद्राला पाणी किती लागतं, हे आमच्या तालुक्याला शिकवायला नको. इथल्या खडका बंधाऱ्यातलं गोदावरीचं पाणी परळीच्या थर्मलला जातं, आणि 2015 साली पाण्याअभावी तेच थर्मल बंद पडलं होतं.

परळीला पाणी मनोऱ्यात थंड करून पुन्हा वापरतात. समुद्रकाठी ही काटकसर कोण करतो? एकीकडून खेचायचं, दुसरीकडून कोमट करून सोडायचं. जैतापूरचा अणुप्रकल्प मुळात 9900 मेगावॉटचा आखलेला. त्यासाठी रोज सुमारे 5200 कोटी लिटर. अणुभट्टीतल्या उष्णतेचा तिसरा हिस्साच काय तो विजेच्या खात्यात, उरलेला समुद्राच्या नावे. नोव्हेंबर 2010 मध्ये 35 अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली, एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्यात पोलिस गोळीबारात एक जीव गेला. अणुभट्टी अजून उभी नाही, म्हणून तर हे आताच बोलायला हवं.

सगळा वाद किती अंश तापमान चालेल, यावर अडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे खरंच. पण पंपाबरोबर आत ओढली गेलेली माशांची अंडी, नळांना शिंपले धरू नयेत म्हणून सोडलेलं क्लोरीन, हे थर्मामीटरला कसं दिसणार?

कोकणातल्या एका शाखेत असताना होड्यांची कर्जं माझ्याकडे होती. थकलेल्या हप्त्यांच्या चौकशीला गेलो, तर एक तांडेल म्हणाला, "साहेब, पाणी काय बघता? जाळं बघा." मी अहवालात 'हप्ते थकीत' एवढंच लिहिलं, रकाना तेवढाच होता.

प्रकल्पांनाही असाच रकाना आहे. 2006 च्या अधिसूचनेनुसार अटी पाळल्याचा सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा, आणि तो प्रकल्पानंच लिहायचा. खातेदारानं स्वतःच पासबुक भरण्यातला हा प्रकार! (1 जूनलाच आपल्याकडे मासेमारीबंदी सुरू होते, हा योगायोगच.)

आरंभीची शिल्लक तपासल्याशिवाय आम्ही कुठलंही खातं ताब्यात घेत नसू. इथे ती शिल्लक म्हणजे केंद्र सुरू होण्याआधीच्या काही वर्षांची, ऋतूवार मासळी. जैतापूरच्या खाडीची आणि तशाच एखाद्या दूरच्या खाडीचीही. ती नसेल तर उद्या मासळी घटल्यावर कुणी पर्ससीनकडे बोट दाखवील, कुणी लहरी पावसाकडे, आणि ते खोटं ठरवायला कुणाकडे कागद नसेल. कदाचित ते खरंही असेल. तेही सिद्ध होणार नाही. ही नोंद बाहेरच्या संस्थेनं ठेवावी, दर नोंदीवर तिथल्या मच्छीमार सोसायटीची सही असावी, आणि एक प्रत नाट्याच्या बंदरावर मराठीत टांगावी.