ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा बिघडतो? मग कागद बोलू द्या!



नवा ट्रॅक्टर दारात येतो तो दिवस घरात सणासारखा असतो. घरची लक्ष्मी बोनेटला कुंकू लावते, नारळ फुटतो, आळीत पेढे वाटले जातात. पण त्या पेढ्यांमागे बँकेचे कर्ज असते, सात-बारावर चढलेला बोजा असतो आणि पुढच्या कित्येक हंगामांचे हप्ते असतात. म्हणूनच हा ट्रॅक्टर ऐन पेरणीत बांधावर उभा राहिला, दुरुस्त होऊन आला आणि आठ दिवसांनी त्याच दुखण्याने पुन्हा उभा राहिला, तर ते नुसते यंत्राचे दुखणे राहत नाही. वाफसा निघून जातो, भाड्याच्या ट्रॅक्टरला पैसे मोजावे लागतात आणि हप्ता काही थांबत नाही.

"साहेब, तीनदा दुरुस्त करून दिला, चौथ्यांदा तेच! विक्रेता म्हणतो, आता काही दोष नाही. आम्ही काय करावे?" गावोगावच्या बैठकांत हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर आज सविस्तर पाहू. ट्रॅक्टरविषयी सांगतो ते मोटारसायकल, जीप, मालवाहू टेम्पो यांनाही बहुतांशी लागू आहे.

दुकानात बरा, वावरात आजारी

नेहमी आढळणारे एक उदाहरण घ्या. सकाळी ट्रॅक्टर नांगर झटकन उचलतो. दोन-तीन तास काम झाले की नांगर अर्ध्यावर अडतो, किंवा उचललेला नांगर हळूहळू खाली येतो. तुम्ही ट्रॅक्टर दुकानात नेता. तो रात्रभर तिथे उभा राहतो. सकाळी मेकॅनिक लिव्हर ओढतो, मोकळी लिफ्ट वर येते आणि तो म्हणतो, "बघा, चालतंय की!"

मेकॅनिक खोटे बोलत नाही आणि तुम्हीही नाही. गोम तेलात आहे. तेल तापले की पातळ होते. पंप झिजलेला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा सिलिंडरच्या पिस्टनवरचे रबरी कडे कापले गेले असेल, तर हे पातळ तेल तिथून निसटते आणि दाब टिकत नाही. थंड, घट्ट तेल त्याच फटीतून तेवढे निसटत नाही. शिवाय नांगर जोडलेलाच नसेल तर लिफ्टवर ओझे कसले? म्हणून या दोषाची चाचणी तेल तापल्यावर आणि अवजार जोडूनच झाली पाहिजे. मेकॅनिकला सरळ सांगा, "दादा, दुपारी वावरात या आणि डोळ्यांनी पाहा."

असेच दुसरे दुखणे म्हणजे डिझेलमध्ये हवा शिरणे. मेकॅनिक हवा काढून देतो, इंजिन सुरू होते, दोन दिवसांनी पुन्हा बंद. हवा काढली, पण ती शिरते कोठून ते पाहिलेच नाही. टाकीपासून पंपापर्यंतची नळी, जोडावरचे वॉशर, फिल्टरची बैठक हे सगळे तपासायला हवे. इंजिन तापण्याचेही तेच. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा बसतो, पंख्याचा पट्टा ढिला होतो, थर्मोस्टॅट अडकतो, कधी पाण्याचा पंप गळतो. रेडिएटरमध्ये पाणी भरून देणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाणी जाते कोठे, ते शोधणे म्हणजे दुरुस्ती.

तेव्हा पहिले काम म्हणजे दोष नेमका टिपून ठेवा. तो केव्हा येतो, किती तास चालल्यावर येतो, कोणत्या अवजाराला येतो, हे लिहा. मोबाईलवर चित्रफीत घ्या आणि तीत तासांचे मीटर दिसू द्या. घरातला शिकता मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करील.

आधी आपली बाजू पक्की

विक्रेत्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःकडेही पाहावे. हमीपुस्तिकेत मुदत महिन्यांत आणि तासांत दिलेली असते आणि जी आधी संपेल ती धरतात. ठरलेल्या तासांची सर्व्हिस चुकवली, भलतेच तेल घातले, डब्यातले गाळ बसलेले डिझेल न गाळता ओतले किंवा लहान ट्रॅक्टरला झेपणार नाही एवढे मोठे रोटाव्हेटर जोडले, तर विक्रेत्याला आयते कारण मिळते. फिल्टर, पट्टे, क्लचप्लेट यांसारखे झिजणारे भाग बहुधा हमीत बसत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची हमी अनेकदा त्यांच्या स्वतंत्र कंपन्यांची असते. ही पुस्तिका एका रात्री कंदिलासारखी शांतपणे, पानन् पान वाचून काढावी.

हमीच्या मुदतीत गावच्या मिस्त्रीकडून इंजिन, पंप किंवा हायड्रॉलिक खोलू नका. मिस्त्री कितीही हुशार असो, सील तुटले की "बाहेर खोलले" असे म्हणून कंपनी हात झटकते.

जॉब कार्ड हाच साक्षीदार

आपला बहुतेक व्यवहार तोंडी चालतो. "मालक, पाठवा गाडी, करून देतो" असे फोनवर ठरते आणि काम झाले की कागद कोठेच राहत नाही. पुढे भांडण लागले की विक्रेता म्हणतो, "गाडी एकदाच आली होती." तुम्ही चार वेळा गेला होता, पण पुरावा काय?

प्रत्येक वेळी जॉब कार्ड करून घ्या. त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "जनरल चेकिंग" असे मोघम नको. "दोन तास नांगरल्यावर लिफ्ट नांगर उचलत नाही, हीच तक्रार तिसऱ्यांदा" असे स्पष्ट हवे. ट्रॅक्टर दिल्याची तारीख, परत मिळाल्याची तारीख, मीटरवरचे तास आणि बदललेला भाग, एवढे त्यावर असलेच पाहिजे. प्रत मागून घ्या. प्रत देत नसतील तर त्याचा फोटो काढा.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टर परत घेताना "काम समाधानकारक झाले" या ओळीखाली सही मागतात. चाचणी न घेता ही सही करू नका. करावीच लागली तर वर लिहा: "वावरात चाचणी घेणे बाकी." कोऱ्या कार्डावर तर कधीच सही नको.

भाड्याने ट्रॅक्टर लावावा लागला तर त्याचीही पावती घ्या. नुकसानभरपाई मागताना "फार नुकसान झाले" या शब्दांना किंमत नसते. पावतीला असते.

विक्रेता हरला तर कंपनीला लिहा

पुष्कळदा विक्रेत्याची नियत वाईट नसते. त्याच्या मेकॅनिकला दोष सापडत नाही, एवढेच. अशा वेळी त्याच्याशी हमरीतुमरी करून उपयोग नाही. कंपनीचा अभियंता मागवून घेणे हा उपाय. दोन-तीन वेळा तोच दोष आला की लेखी पत्र द्या आणि एक प्रत कंपनीच्या कार्यालयाला पाठवा. पत्ता हमीपुस्तिकेत असतो. नमुना असा:

"मी आपल्याकडून दिनांक … रोजी … हा ट्रॅक्टर घेतला. चॅसिस क्रमांक …, इंजिन क्रमांक …. दिनांक …, … व … रोजी … हाच दोष दुरुस्तीस दिला. जॉब कार्डांच्या प्रती सोबत आहेत. दोष कायम आहे. तरी पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कंपनीच्या अभियंत्याने माझ्या शेतात येऊन, अवजार जोडून तपासणी करावी, दोष कायमचा दूर करावा व केलेल्या कामाचा लेखी अहवाल द्यावा. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल."

पत्रात राग नको, शिवी नको, धमकी नको. तारखा हव्यात. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोचल्याचा पुरावा घ्या आणि पावती जपा.

विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही पत्र का, तेही समजून घ्या. कायद्याच्या नजरेत हे दोघे वेगळे असू शकतात. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने जुनी, वापरलेली मोटार नवी म्हणून विकली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या त्या कृत्याबद्दल कंपनीला जबाबदार धरले नाही, कारण कंपनीला ते माहीत होते असे सिद्ध झाले नव्हते. म्हणून कंपनीला तुमची तक्रार पहिल्यापासून माहीत आहे, याचा पुरावा तुमच्या हाती असलेला बरा.

पत्राचा उपयोग झाला नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेथे निवाडा होत नाही, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवली जाते. कित्येक प्रकरणे तेवढ्यावरच मिटतात.

ग्राहक आयोगाचे दार

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. शेतकऱ्याच्या सोयीच्या गोष्टी त्यात बऱ्याच आहेत.

वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. कंपनी मुंबईत असो वा दिल्लीत, तुम्ही जेथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये शुल्क आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः बाजू मांडता येते. मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. "करतो, बघतो" म्हणत विक्रेता घोंगडे भिजत ठेवतो आणि मुदत निघून जाते, तेव्हा तारखेवर डोळा ठेवा.

"शेतकरी ग्राहक कसा? तो तर धंदा करतो," असा मुद्दा कंपन्या काढतात. बियाण्यांच्या एका खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यालाही या कायद्याचे संरक्षण आहे, असे स्पष्ट केले. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. पण चार-पाच ट्रॅक्टर घेऊन, चालक ठेवून भाड्याचा मोठा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट वेगळी ठरू शकते.

आयोगापुढे सर्वांत अवघड काम असते दोष सिद्ध करण्याचे. "ट्रॅक्टर पाच वेळा दुरुस्तीला गेला" एवढ्याने तो मुळातच सदोष होता, असे होत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग वस्तू तपासणीसाठी पाठवू शकतो, तशी मागणी तक्रारीतच करा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण चालते, तेथील जाणकारांचा सल्लाही विचारून पाहावा.

मागावे काय?

आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. पण "नवा ट्रॅक्टरच द्या" एवढा एकच हट्ट धरू नका. २००६ मध्ये मोटारगाडीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हमीत सदोष भाग बदलण्याचे कबूल केले असेल, तर त्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून तक्रारीत पायऱ्या ठेवा: मूळ दोष असल्याचे ठरल्यास ट्रॅक्टर बदलून द्यावा किंवा किंमत परत करावी, तसे न ठरल्यास संबंधित भाग नवा बसवून त्याची हमी वाढवावी, आणि दोन्ही बाबतींत झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी.

मध्येच समेटाची बोलणी निघाली तर ऐका. चांगली तडजोड लांबलेल्या खटल्यापेक्षा बरी. पण ती लेखी हवी, आणि "माझी कोणतीही तक्रार उरली नाही" या कागदावर सही ट्रॅक्टर वावरात चालल्यानंतरच.

शेवटी कळकळीची सूचना. विक्रेत्यावरच्या रागापोटी बँकेचा हप्ता थांबवू नका. कर्ज बँकेचे आहे, दोष यंत्राचा आहे. हप्ता थकला तर व्याज वाढते, ट्रॅक्टर ओढून नेण्याची वेळ येते आणि न्यायाची बाजू तुमची असूनही घर अडचणीत येते. अडचण असेल तर बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवून मुदत मागा.

या आठवड्यात एवढे मात्र करा. ट्रॅक्टरचे बिल, हमीपुस्तिका, सर्व्हिसच्या पावत्या आणि जॉब कार्डे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. ही पिशवी माउलींनी सांभाळावी. घरातले दागिने जिथे ठेवता, तिथेच तिची जागा.