पाहुण्या लेखकाची बॅग उचलणाऱ्यांनो, आधी त्याचं पुस्तक वाचा!

हिवाळा लागला की आपल्याकडे संमेलनांचा हंगाम सुरू होतो. साहित्य संमेलन, धम्म परिषद, कवी मेळावा, व्याख्यानमाला. निमंत्रण पत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख अतिथी अशी नावांची रांग असते. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'सर्व कार्यकर्ते'. या 'सर्व कार्यकर्ते' मंडळींना नाव नसतं. आम्हाला आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे, त्यातही पाहुण्या साहित्यिकांची व्यवस्था पाहणाऱ्या पोरापोरींबद्दल.

बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मुंबईचा किंवा नागपूरचा लेखक मलकापूरला नाहीतर शेगावला उतरतो. गाडी अपरात्री येते. मग कुणीतरी राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं, थंडीत फलाटावर उभं राहायचं, पाहुण्याला आणायचं, खोली उघडून द्यायची, गरम पाण्याचं बघायचं. लेखक वयस्कर असतो, मधुमेही असतो. जेवण वेळेवर लागतं. सत्र लांबलं की परतीची गाडी चुकते. हे सगळं सांभाळणारा कार्यकर्ता नसेल तर अध्यक्षीय भाषण होत नाही, परिसंवाद होत नाही. संमेलन त्याच्या खांद्यावर उभं असतं.

यावर आपल्या तरुणांत दोन मतं आहेत. एक म्हणतं, 'साहेबांची सेवा करायला मिळाली, भाग्य!' दुसरं म्हणतं, 'आम्ही शिकलो ते काय दुसऱ्यांच्या बॅगा उचलायला?' आमच्या मते दोन्ही चूक आहेत.

दुसऱ्या मतामागे मात्र इतिहास आहे, तो समजून घ्या. गावात आलेल्या सरकारी अंमलदाराचं ओझं वाहणं, त्याला वाट दाखवणं, त्याच्या घोड्याला चारा आणणं ही आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेली वेठ होती. महार वतनाच्या नावाखाली रात्री-बेरात्री हाक आली की धावावं लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते या गुलामीवर घाव घालण्यासाठी. म्हणून आपल्या पोराला कुणी 'बॅग घे रे' म्हटलं आणि त्याचं रक्त तापलं, तर त्याला उद्धट म्हणू नका. ते रक्त बरोबर तापतं.

पण वेठ आणि चळवळीचं काम यांत फरक आहे. वेठीत तुमची संमती नसते, मोबदला नसतो आणि मालक काय लिहितो-वाचतो याच्याशी तुमचा संबंध येऊ दिला जात नाही. चळवळीत माणूस स्वतःहून येतो, बरोबरीच्या नात्याने येतो आणि ज्या विचारासाठी राबतो त्या विचारावर त्याचा हक्क असतो. हा हक्क काढून घेतला की उरते ती वेठच. मग वर निळा झेंडा असला तरी!

आपल्या परिषदांनी हे काम कधीच क्षुल्लक मानलं नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. परिषदेला आलेल्या माणसाला पाणी पाजणं हीच तिथे लढाई होती. पाहुणचार हा आपल्यासाठी राजकीय प्रश्न आहे, तो असा.

आणि आज? जिल्ह्यातल्याच एका संमेलनात आम्ही पाहिलं. दोन दिवस पाहुण्यांमागे धावणाऱ्या मुलांना एकाही सत्रात बसता आलं नाही. पेट्रोल त्यांच्या खिशातलं. मुलींकडे रांगोळी, औक्षण आणि पुष्पगुच्छाचं ताट. एका मुलीने 'मला सरांना प्रश्न विचारायचा होता' म्हटलं, तर उत्तर मिळालं, 'आधी चहाचं बघ.' मंचावर त्याच वेळी विषय कोणता चालू होता? समता!

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. विचार करणारे वर आणि हात चालवणारे खाली, अशी उतरंड. मंचावर बोलणारे आणि मंचामागे राबणारे यांच्यात आपण भिंत घालत असू, तर ही उतरंड आपणच आपल्या मंडपात उभी करतो आहोत.

'अहो, संमेलन मोठं असतं, एवढं बघायला वेळ कुणाला?' असं आयोजक म्हणतील. २०१७ मध्ये अखिल भारतीय संमेलनासाठी आपल्या जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमाची निवड झाली, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आक्षेप घेतला, आश्रमाने माघार घेतली आणि २०१८ ला संमेलन बडोद्याला गेलं. तो वाद आवश्यकच होता. पण स्थळावर, अध्यक्षावर, अनुदानावर भांडायला आपल्याला वेळ असतो. राबणाऱ्या माणसावर बोलायला का नसावा? विद्रोही संमेलन तर मूठभर धान्य आणि एक रुपया मागून उभं राहतं. जिथे देणाऱ्याची एक मूठ मोजली जाते, तिथे राबणाऱ्याचे दोन दिवसही मोजले पाहिजेत.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं नसतं, तर आंबेडकरी चळवळीत राबलेल्या कितीतरी बाया 'सर्व कार्यकर्ते' या दोन शब्दांत गाडल्या गेल्या असत्या. त्या लेखिका बायांच्या दारात गेल्या आणि त्यांचं ऐकून घेतलं. लेखकाचं खरं काम ते आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्याच्याकडे ज्या लेखकाची जबाबदारी, त्याच्या हातात महिनाभर आधी त्या लेखकाचं पुस्तक द्या. पाळ्या लावा, म्हणजे प्रत्येकाला निदान एक सत्र पूर्ण ऐकता येईल. पेट्रोल आणि फोनचा खर्च संमेलनाच्या हिशोबात धरा. स्टेशनवर मुलीही जातील, चहा मुलंही देतील. शक्य असेल तिथे पाहुण्याला लॉजऐवजी वस्तीतल्या घरी उतरवा. ज्यांच्याबद्दल तो लिहितो त्यांच्या ताटात जेवू द्या. आणि समारोपाला आभार मानताना नावं घ्या, एकेक.

लेखकांनाही सांगणं आहे. घाट चढताना दीड-दोन तास जो तुमच्या शेजारी बसलेला असतो तो ड्रायव्हरचा सोबती नाही, तुमचा वाचक आहे. मोबाईल खाली ठेवा, त्याच्याशी बोला. कदाचित तुमच्या भाषणापेक्षा मोठं संमेलन त्या गाडीत होईल.

आणि तरुणांनो, तुम्ही ही जबाबदारी नाकारू नका. हक्काने मागा. वयस्कर माणसाची बॅग जरूर उचला, त्यात कमीपणा नाही. पण वाचून जा, प्रश्न घेऊन जा आणि सभागृहात आपली खुर्ची राखून ठेवा. खुर्ची मिळत नसेल तर बॅग तिथेच खाली ठेवा आणि कारण विचारा.

जय भीम!