शाळा सुटली, आता निघा!

धरमपेठेतल्या एका शाळेच्या फाटकावर सध्या एक फलक लागलेला आहे. शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत पालकांनी पाल्याला घेऊन परिसर रिकामा करावा, मैदानात थांबू नये, फाटकासमोर घोळके करू नयेत, असा त्याचा मतितार्थ. खाली 'हुकमावरून'. हुकूम कोणाचा, ते लिहिलेलं नाही. मुलगी तिथंच तिसरीत आहे म्हणून मी रोज तो फलक वाचते आणि रोज तेवढाच संताप येतो. शेवटी म्हटलं, इथं लिहून मोकळं व्हावं.

आधी शाळेची बाजू, म्हणजे नंतर आमच्या आत्याबाई म्हणायला नकोत की तू एकतर्फी लिहितेस (त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आणि फोन करतातच). काही पालक अति करतात, हे खरंच आहे. सुटल्यावर वर्गाच्या खिडकीशी उभं राहून बाईंना "माझ्या मुलाला अर्धा मार्क का कापला" विचारणारे आहेत. चारचाकी थेट फाटकाला आडवी लावून, एसी चालू ठेवून, आत फोनवर बोलत बसणारे तर भरपूर. धरमपेठेतले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. लक्ष्मीभुवन चौक ते झेंडा चौक संध्याकाळी पायी जाणं हाही एक धाडसी खेळच आहे, आणि शाळा सुटताना तिथल्या प्रत्येक गल्लीची तीच गत होते. मावशींना मैदान झाडायचं असतं, चौकीदाराला जेवायचं असतं. कोण पालक, कोण परका, हे त्याला कळायचं कसं? हे सगळं मान्य.

पण म्हणून थांबतात ते सगळे रिकामटेकडे, हे मला मान्य नाही. कोण थांबतं ते जरा बघा तरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं निर्णय काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. लेकरांची झोप पुरी व्हावी हा हेतू, आणि चांगलाच हेतू. २०२४-२५ पासून तो लागू झाला. पण मोठ्यांचे वर्ग बऱ्याच ठिकाणी सकाळी सातचेच राहिले. त्याचा हिशेब आमच्या शाळेत असा झाला: सातवीतला दादा साडेबाराला सुटतो, दुसरीतली ताई दीडला. मधला एक तास त्या आईनं काय करायचं? स्वतःची गाडी असेल आणि घर रामनगरात असेल तर ती दादाला घरी सोडून परत येईल. घर वाडीला किंवा दाभ्याला असेल तर? ऑटोनं जाऊन-येऊन पैसे किती, आणि जाऊन पोचते तोच परत निघायची वेळ. ती थांबते. कडुलिंबाच्या पाराशी दादाला डबा खाऊ घालते, त्याचा गृहपाठ सुरू करून देते. वेळापत्रक शासनाचं, अंमलबजावणी शाळेची, आणि गर्दी केल्याचा ठपका मात्र तिच्यावर!

आणि हे सगळं कुठं, तर नागपुरात. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर उघडतात. २०२५ सालीच बघा, तिकडं १६ जून, इकडं २३ जून. कारण ऊन. शासनालासुद्धा कळलेलं हे ऊन शाळेच्या व्यवस्थापनाला कळत नाही का? एप्रिलमध्ये भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, डांबरी रस्त्यावर एक तास उभं राहून पाहावं फलक लावणाऱ्यांनी. फाटकाच्या आत चार झाडं आहेत, नळ आहे, रिकामा व्हरांडा आहे. बाहेर गुपचुपवाल्याच्या गाड्यावरची छत्री आहे, तीही गिऱ्हाईकांसाठी. (तो बिचारा काही न घेताही उभं राहू देतो, ही गोष्ट वेगळी.)

आता जरा नाजूक विषय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) खाली खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्येच सरकारनं नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट दिली होती. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि पुढं सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. म्हणजे मुलं वर्गात बसली. पण त्यांच्या आया कुठं बसतात? आमच्या पारावर एक ताई येतात, पांढराबोडीहून. धरमपेठेतल्याच दोन फ्लॅटमध्ये भांडी-पोछा करतात, साडेबाराला मोकळ्या होतात आणि मुलगा सुटेपर्यंत थांबतात. शाळेचे निरोप येतात व्हॉट्सअ‍ॅपवर, इंग्रजीत. उद्या पिवळे कपडे घालून पाठवा, अमुक तारखेपर्यंत फॉर्म भरा, सहामाहीचा पोर्शन बदललाय. हे त्यांना कोण सांगतं? पारावरच्या बाकीच्या बाया सांगतात. मीही सांगते. आणि एकदा माझ्या मुलीला ताप भरून आल्याचं मला त्यांनीच आधी सांगितलं, कारण त्या तिथं होत्या आणि मी ऑफिसात होते. मुलं शेजारी-शेजारी बसून सारखी होतात की नाही मला ठाऊक नाही. पण त्यांच्या आया एका पारावर बसल्या की काहीतरी घडतं, हे मी पाहिलंय. तो पार मोडला तर त्या मुलाला पिवळे कपडे नसतील, बाकी सगळे पिवळे असतील. एवढी साधी गोष्ट आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सुरक्षा. बदलापूरनंतर हा शब्द कोणीही उच्चारला की समोरच्यानं गप्प बसायचं अशी रीतच पडली आहे. मग बदलापूरबद्दलच बोलू. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला तो शाळेच्या आत, आणि आरोपी होता शाळेत कामाला असलेला सफाई कर्मचारी. फाटकाबाहेर थांबलेला पालक नव्हे! आणि प्रकार उघडकीला आला तो एका मुलीच्या घरच्यांनी दुसऱ्या मुलीच्या घरच्यांशी बोलून विचारपूस केली तेव्हा. घरच्यांची एकमेकांशी ओळख होती म्हणून ना? त्यानंतर त्याच महिन्यात शासनानं आदेश काढले: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. त्यात पालकांना हाकला असं कुठं आहे? कॅमेरा काय घडलं ते नंतर दाखवतो. पारावरची बाई "अरे, हे लेकरू आज रडवेलं का?" हे तिथल्या तिथं विचारते. अमेरिकेत जेन जेकब्स नावाच्या बाईंनी १९६१ सालीच शहरांवरच्या आपल्या पुस्तकात हे मांडलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते येता-जाता त्याच्यावर असलेले माणसांचे डोळे. आपल्या आजीला ते पुस्तक न वाचता ठाऊक होतं, म्हणून ती ओट्यावर बसायची.

रस्त्याचा धोका मात्र खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. २०१२ साली नागपुरातच स्कूल बसखाली एका चिमुकल्याचा जीव गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यात स्कूल बसचे नियम आले होते, त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी आत, असं स्पष्ट आहे. आमच्या शाळेत ही समिती कधी बसते, विचारून बघा बरं! गंमत बघा, दहा मिनिटांच्या नियमानं रस्त्यावरचा धोका वाढतो. चारशे पालक जे तासाभरात पांगले असते ते आता एकाच दहा मिनिटांत, एकाच फाटकातून, गाड्यांचे हॉर्न वाजवत बाहेर पडतात. इटलीतल्या बोल्झानो गावानं १९८९ च्या सुमारास उलटा विचार केला: शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी समोरचा रस्ता गाड्यांना बंद, माणसांना खुला. पुढं पॅरिसनंही शाळांसमोरचे कितीतरी रस्ते तसे केले. आपण माणसं हटवतो आणि गाड्यांना जागा करून देतो.

चौकीदाराचा राग येत नाही. तो बिचारा रोज म्हणतो, "चला नं मॅडम, वरतून ऑर्डर आहे." त्याला मी काय बोलणार? त्याचीही नात याच शाळेत यावी अशी त्याची इच्छा आहे, तीही २५ टक्क्यांतूनच.

मागणं फार नाही. दीड वाजेपर्यंत मैदानाचा झाडाखालचा भाग उघडा ठेवा. पालकांना ओळखपत्र द्या, आम्ही गळ्यात घालू, लाज नाही. मावशींना त्या तासाचे वेगळे पैसे द्या. आम्ही जी 'इतर उपक्रम' नावाची फी भरतो, त्यात हा एक उपक्रम बसवा. आणि फाटकासमोर आडव्या लागणाऱ्या चारचाक्यांचे नंबर लिहून घ्यायला लागा, मग बघू गर्दी कोणाची आहे ती.

२०११ च्या शुल्क कायद्यानं पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक चिठ्ठ्या टाकून घेतात. तिसरीची चिठ्ठी यंदा माझी निघाली आहे. सभा येत्या बुधवारी सकाळी अकराला आहे, म्हणजे नोकरीवाली आणि भांडीवाली दोघींनाही न जमणारी वेळ. मी अर्धी रजा टाकली आहे. पांढराबोडीच्या ताईंना एका घरचं काम उशिरा करायची परवानगी मिळाली तर त्याही येणार आहेत, समितीत नसल्या तरी. त्यांना आत सोडतात का ते पाहायचं आहे.