कमरेला पिस्तूल, घरात मुले

टेक्सासमधल्या मराठी दिवाळी अंकाची सुरुवात पिस्तुलापासून व्हावी, हे काही वाचकांना खटकेल. पण आपल्या घरगुती बैठकींत हा विषय आता शाळा आणि गृहकर्जाइतक्याच सहजपणे निघतो. एच-वन-बी व्हिसावर असेपर्यंत, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्ड आले की ती आडकाठी जाते. आणि 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये शर्टाआड पिस्तूल खोचून फिरायला बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. निवडणूक आली की परवान्याचे पिस्तूलसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करायला लावणाऱ्या महाराष्ट्रातून आपण इथे आलो आहोत.

आपल्यापैकी ज्यांनी पिस्तूल घेतले त्यांची भीती खोटी नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथा इथे, आमच्या देशातून चालते व्हा असे ओरडत एकाने हैदराबादच्या तरुण अभियंत्याला गोळ्या घातल्या. त्या रात्री आपल्या कित्येक घरांत झोप लागली नसेल. डिसेंबर 2019 मध्ये फोर्ट वर्थजवळच्या एका चर्चमध्ये पिस्तूलधारी सदस्याने हल्लेखोराला काही सेकंदांत टिपले, हेही खरे. तो सदस्य मात्र नेमबाजी शिकवणारा आणि चर्चच्या सुरक्षा पथकातला होता. तरीही तोवर दोघांचा जीव गेला होता. ओलेथामध्ये हल्लेखोराच्या अंगावर धावून गेलेला माणूस तर निःशस्त्र होता. तो जखमी झाला, पण वाचला, आणि ह्यूस्टनच्या भारतीयांनी त्याला घर घेण्यासाठी एक लाख डॉलर दिले.

गोळीबार सुरू असताना हातात पिस्तूल घेतलेला सावळा माणूस पोलिसांना कोण वाटेल, याचाही विचार करायला हवा. 2016 मध्ये मिनेसोटात पोलिसाने गाडी थांबवल्यावर एका कृष्णवर्णीय चालकाने आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे स्वतःहून सांगितले. त्याच्याकडे परवाना होता. काही क्षणांत पोलिसाच्या गोळ्यांनी त्याचा जीव घेतला. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी बसली होती.

मला खरी काळजी आहे ती संध्याकाळची. दिवसभर कमरेला असलेले पिस्तूल घरी आल्यावर जाते कुठे? उशाशी, पर्समध्ये, गाडीच्या खणात. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून भरलेले पिस्तूल काढले आणि आई जागीच गेली. परवाना होता. पर्सलाही पिस्तुलासाठी चेनचा वेगळा कप्पा होता.

2022 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या सुमारे 27 हजारांनी स्वतःवर गोळी झाडली होती. हा आकडा आपल्या गप्पांत कधी येत नाही. आपल्याला चोर दिसतो, माथेफिरू दिसतो. पण नोकरी गेल्यावर व्हिसाचे दिवस मोजणारा भाऊ किंवा कॉलेजचा नकार आल्यावर खोलीचे दार लावून बसलेली मुलगी दिसत नाही. आत्महत्येच्या इतर अनेक प्रयत्नांतून माणसे वाचतात, पुढे जगतात, म्हातारी होतात. बंदूक वापरलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. मनाची ती लाट पुष्कळदा तासाभरात ओसरते, म्हणून त्या तासात पिस्तूल हाताशी नसणे हाच फरक.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: रोज पिस्तूल बाळगू नका. घेतलेच असेल तर ते रिकामे करून तिजोरीत ठेवा, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि दोन्हींचे आकडे मुलांच्या वाढदिवसाचे नसावेत. मुलाला मित्राकडे राहायला पाठवताना, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुठे ठेवता, हे त्या आईबाबांना सरळ विचारा. संकोच वाटेल, तरी विचारा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या सभागृहाबाहेर, लपवलेले पिस्तूल आत आणायला परवानाधारकांना मनाई करणारी 30.06 कलमाची आणि परवाना नसलेल्यांना मनाई करणारी 30.05 कलमाची अशा दोन्ही पाट्या यंदा लावाव्यात, असा आग्रह मी कार्यकारिणीकडे धरला आहे. आणि 988 हा मदतीचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, आजीआजोबांच्याही.